उजव्या पायाची चप्पल

गाडीत बसण्याआधी आमचे डायवर उजव्या पायाची चप्पल काढत. डावी पायातच असे. उजवी तिथेच रस्त्यावर ठेवून वर चढत, अनवाणी पायाने ब्रेकचं पायडल तीनदा दाबत आणि मान जराशी कलती करून थांबत. समाधान झालं की म्हणत, "चालाले काय, म्हैसही चालते. थांबता आलं पाह्यजे." मग गाडी निघायची आणि चप्पल बहुतेक वेळा तिथेच राहायची.

अशी विसरलेली चप्पल कधी जानेफळच्या दूधवाल्याने आणून दिली, कधी डोणगावच्या बाजारकऱ्यांनी बैलगाडीला टांगून. मेहकर तालुक्यात ती माझ्यापेक्षा जास्त फिरली असेल. मी एकदा विचारलं, चप्पल घालून ब्रेक दाबला तर काय बिघडतं? तर म्हणाले, चपलीले काही कळत नाही, पायाले कळते. तुमची माणसं चपलीतूनही गाड्या चालवत असतील, त्यांची मला माहिती नाही. आमच्या डायवरांचं असं होतं.

मी तेव्हा मेहकरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. लढाईचे दिवस होते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि पेट्रोल कुपनावर मिळे. डॉक्टरांची गाडी जुनी, पण तेलाच्या ब्रेकची होती आणि त्याचा डायवरांना फार अभिमान. खेड्यात कुणी बाई अडली की मी, माझी पेटी आणि ते, असे आम्ही निघायचो. ब्रेकचं विलायती तेल लढाईमुळे मिळेनासं झालं, तेव्हा ते आमच्याच कपाटातलं एरंडेल आणि स्पिरिट मिसळून तेल करू लागले. मेहकरकरांची पोटं आणि आमचे ब्रेक एकाच बाटलीवर चालत.

सगळा गाव त्यांना डायवरभाऊ म्हणे. मी "अहो डायवर" म्हणायची. भाऊ म्हणायचं मी टाळलं आणि का टाळलं हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

मी आत कामात असले की ते बाहेर तीन दगड मांडून पाणी तापवत. त्यांना कुणी सांगितलेलं नसे. पोराचं रडणं ऐकू आलं की दारातली माणसं विचारत, मुलगा का मुलगी. हे एकटे विचारत, "माय कशी हाय?" इतक्या वर्षांत त्यांचा पहिला प्रश्न कधी बदलला नाही. एकदा मी नुसती मान हलवली. बाई गेली होती. परत येताना त्यांनी गाडी अगदी सावकाश आणली आणि रस्त्यातल्या एका निंबाखाली उभी केली. मागे न वळता म्हणाले, "रडून घ्या, बाई. घाई नाही." माझी जीभ तिखट, कुणाचं ऐकून घेणारी मी नव्हे. त्या दिवशी ऐकलं.

पुढे डॉक्टर थकले. त्यांनी दवाखाना बंद करून नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं. मला सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. गाडी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठने घेतली आणि गाडीसोबत डायवरही. मेहकरात दुसरी मोटार चालवायला होतीच कुठे? घरी म्हातारी आई, तिचं पोट यांच्या हातावर. जाणं त्यांना भागच होतं.

सौदा ठरला आणि त्याच आठवड्यात ब्रेक गेला. एका खेड्याहून परत येत होतो. पैनगंगेच्या उतारावर समोर कापसाची बैलगाडी आडवी. डायवरांनी पाय दिला तर पायडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. त्यांनी भराभर दोन-तीनदा पाय मारला, हातब्रेक ओढला आणि गाडी बैलांच्या शिंगांपाशी थांबवली. मग मला खाली उतरवलं, मागच्या चाकाला दगड लावला आणि पुन्हा आपले पायडल दाबत बसले, मान कलती करून.

"पह्यल्या दाबीले खाली जाते, दुसऱ्या दाबीले वर येते," ते म्हणाले. "म्हणजे तेलात हवा शिरली. तेल दबत नाही, बाई, हवा दबते. मंग पायाचा जोर चाकापर्यंत जातच नाही."

हवा शिरली कुठून, ते शोधायला त्यांनी पाय दाबून तसाच धरला. पायडल हळूहळू बुडत गेलं. म्हणजे कुठेतरी गळत होतं. चारही चाकांच्या आतून त्यांनी बोट फिरवलं. मागच्या डाव्या चाकापाशी बोट ओलं निघालं. नाकाशी नेऊन म्हणाले, एरंडेल. त्या चाकातली तेल अडवणारी रबराची वाटी फाटली होती. तशी वाटी मेहकरात मिळण्यासारखी नव्हती. शेठने निरोप पाठवला की खामगावच्या वाटेवर घाट आहे, ब्रेक पक्का झाल्याशिवाय गाडी खाली आणू नका, वाटी मी पाठवतो.

वाटी येईपर्यंतचे दिवस मला देवाने फुकट दिल्यासारखे वाटले. पण ती आली. त्यांनी चाक खोललं, वाटी बदलली, नवं तेल भरलं. राहिली फक्त नळ्यांतली हवा काढायची, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पायडलवर. मी रिकामीच होते.

"चप्पल काढा," ते म्हणाले. मी काढली आणि त्यांच्या जागेवर बसले. ते चाकाखाली शिरले. दवाखान्यातली रबरी नळी त्यांनी चाकाच्या तोटीला लावली आणि तिचं दुसरं टोक औषधाच्या बाटलीत, तेलात बुडवलं. मला ते दिसत नव्हते. खालून नुसता आवाज येई, "दाबा." मी दाबे. "धरा." मी धरून बसे, ते तोटी सैल करत, पाय खाली जाई, बाटलीत बुडबुडे येत. तोटी बंद झाली की, "आता सोडा." "मी सांगितल्याबिगर सोडाचं नाही, नाही तं हवा परत शिरते," अशी त्यांची ताकीद होती.

दाबा, धरा, सोडा. सकाळ गेली, दुपार गेली. त्या शब्दांना कुणी नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्याच्या अंगणात दहा माणसांच्या देखत एका परक्या माणसाने मला हे सांगावं आणि मी ऐकावं, एवढी मुभा मला त्या गाडीने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या पायाखाली पायडल टणक लागलं. पहिल्याच दाबीला. दाबून धरलं तरी केसभर हललं नाही. फरशीवर पाय ठेवावा तसं. त्यांनीच शिकवलं होतं, पायाले कळते. मला कळलं. मी काही बोलणार, तोच खालून आवाज आला.

"हवा हाय अजून."

वाकून पाहिलं असतं तर बाटलीतलं स्वच्छ तेल मला दिसलं असतं. मी वाकले नाही.

"बुडबुडे येऊन राह्यले," ते म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "तुमाले कसं लागते?"

"नरम," मी म्हटलं. "नरमच लागते अजून."

"हाव," ते म्हणाले. "मंग दाबा."

ती हवा आम्ही पुढे दोन दिवस काढली. कंपाउंडर येता-जाता हसायचा, की एवढी हवा तर मेहकरच्या बाजारातही नाही. हसू दे. मला तो माणूस आवडत होता आणि त्यांनाही मी आवडत होते, हे मला त्या टणक पायडलवर बसून कळलं. मी विधवा, जात माझी एक, त्यांची दुसरी. ते दिवस कसे होते हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही दोघंही भित्रे होतो असं मी म्हणणार नाही. होती तेवढी वाट आम्ही पुरेपूर चाललो. पण आणखी थोडी असती तर, असं आजही वाटतं, आणि फार वाटतं.

शेवटी शेठचे मुनीमजी स्वतः आले. भारी अंगाचे होते. ते चढले आणि जाड वहाणेसकट पायडलवर उभे राहावं तसा पाय दिला. चपलीलाही कळावं इतकं ते टणक होतं. मुनीमजी म्हणाले, यात काय काढून राह्यले अजून? चला, आजच घाट उतरू.

डायवरांनी बाटली आणि नळी धुऊन माझ्या हातात दिली. बोटांना तेल होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"ब्रेक बरा झाला, बाई," ते म्हणाले.

"हाव," मी म्हटलं. "बरा झाला."

मग त्यांनी उजवी चप्पल काढून ठेवली, वर चढले, पायडल तीनदा दाबलं आणि मान कलती करून थांबले. नेहमीपेक्षा जास्तच थांबले. म्हशीचं वाक्य मात्र म्हणाले नाहीत. मुनीमजींनी घाई केली, गाडी निघाली आणि खामगावच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

चप्पल अंगणात होती. डावीपेक्षा ती कायम कमी झिजलेली असे. मेहकरहून खामगावला रोज कुणी ना कुणी जात होतं. दूधवाल्याने विचारलंही, देऊ का पोचवून? नको म्हटलं, ते स्वतः येतील न्यायला.

आले नाहीत. पुढे शेठने त्यांना दुसरीकडे कुठे पाठवलं म्हणतात. मी मेहकर सोडलं, नोकरी संपली, किती घरं बदलली. दर दिवाळीला सामान झाडताना ती चप्पल काढते आणि तिला एरंडेलाचा हात फिरवते. चामडं नरम राहतं.