दहा सह्यांचा कोरा अर्ज

मास्तरांचं दुकान आठ फूट रुंद होतं. त्यात एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, माणूसभर उंचीचा आरसा आणि आरशाच्या शेजारी पक्षाची पाटी. निवडणूक आली की मास्तर टेबलावरच्या विजारी एका कडेला सरकवायचे आणि म्हणायचे, "झालं प्रभाग कार्यालय." एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मास्तरांच्या हाताखाली माणसं फारशी नव्हती, पण एक वही होती. मापांची वही. छाती, कंबर, बाही, उंची, आणि शेवटच्या रकान्यात निळ्या पेन्सिलीचा ठिपका. ठिपका असला तर मत आपलं. अर्धा ठिपका म्हणजे माणूस डळमळीत. मास्तर सांगायचे, "हात वर करून उभा राहिलेला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही. फीत बगलेत गेली की सगळं बाहेर येतं." सात निवडणुकांत त्यांचा अंदाज शे-दोनशे मतांपलीकडे चुकला नव्हता. कंत्राटदार निवडून आला तो याच वहीवर. त्याच्यानंतर वकील आला, वकिलाची बायको आली, पुन्हा कंत्राटदार आला. मास्तर प्रत्येकाच्या मिरवणुकीत डावीकडून तिसरे असायचे. फोटो छापून यायचा तेव्हा त्यांचा कान दिसायचा.

या वेळी मात्र शहराध्यक्ष स्वतः दुकानात येऊन सांगून गेले होते, "मास्तर, आता तुमचा नंबर. वरती बोलून ठेवलंय."

पक्षाची एक जुनी पद्धत होती. उमेदवाराचं नाव वरून येतं ते अगदी शेवटच्या घटकेला. तेव्हा सूचकांच्या सह्या गोळा करत बसायला वेळ नसतो. म्हणून प्रभागाचा प्रमुख आठवडाभर आधीच अर्जावर दहा मतदारांच्या सह्या घेऊन ठेवायचा आणि उमेदवाराच्या नावाची जागा कोरी सोडायचा. नाव कळलं की ऑफिसात भरलं जायचं. मास्तरांनी सात वेळा असे कोरे अर्ज तयार करून दिले होते. आठवा त्यांनी जास्तच मन लावून केला. स्वतःच्या लग्नाचं कापड निवडावं तशी माणसं निवडली. निवृत्त डॉक्टर, मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, घड्याळवाला, छापखान्याचा मालक, सगळी वजनदार मंडळी. दहावी सही बायकोची. तिने पेन हातात घेऊन विचारलं होतं, "इथे नाव कुठंय?"

"येईल गं. सही कर."

मंगळवारी दुपारी मास्तर एका कोटाची बाही उसवत बसले होते. घड्याळवाला दारातूनच ओरडत आला, "अभिनंदन मास्तर! तिकीट घरातच आलं!"

मास्तर उठले. कात्री खाली ठेवली, फीत गळ्यातून काढून व्यवस्थित गुंडाळली. तेवढा वेळ ते उमेदवार होते.

"पुतणीनं नाव काढलं हो," घड्याळवाला म्हणाला.

मास्तरांनी फीत परत गळ्यात घातली.

पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. वय बत्तीस. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सहाला स्कूटरवर सुया-बाटल्यांचा डबा बांधून निघायची आणि घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. तिला पक्षात आणली ती मास्तरांनीच. मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला चांगलं अक्षर हवं होतं म्हणून. लहानपणी तिचे फ्रॉकही त्यांनीच शिवले होते. तेव्हा लोक तिला 'मास्तरांची पुतणी' म्हणायचे. आता सगळे 'ताई' म्हणतात, तिच्यापेक्षा वयानं मोठे लोकसुद्धा.

कुठे बिनसलं ते मास्तरांना तारखेनिशी ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत नळाला घाण पाणी येत होतं. मास्तरांनी चौदा महिने अर्ज केले. तीन प्रतींत, पोच घेऊन. पोचपावत्यांची एक फाइलच झाली. मग एका सकाळी पुतणीनं अकरा घरांच्या नळांचं पाणी लॅबच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांवर घरांचे नंबर चिकटवले आणि तपासणीच्या कागदासकट महापालिकेच्या इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. सोबत एक ग्लास. म्हणाली, "कुठल्याही बाटलीतलं प्या, साहेब." आठ दिवसांत पाइप बदलला. गल्लीतली माणसं मास्तरांना भेटून म्हणाली, "तुमच्या पुतणीनं काम केलं हो." मास्तर हसले होते. त्या हसण्यानं त्यांचे गाल दोन दिवस दुखत होते. तेव्हापासून ते तिला पाण्यात पाहत. पण घरातलं माणूस, बोलणार कुणाजवळ?

वाईट वाटायचं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. मास्तरांकडे लोक इस्त्री केलेला शर्ट घालून, केस विंचरून यायचे. तिच्यासाठी लोक उपाशीपोटी, डोळे चोळत, गंजीफ्रॉकवर दार उघडायचे. मास्तरांना लोकांची कंबर ठाऊक होती. तिला त्यांची साखर. घड्याळवाल्यानं एकदा गंमत केली होती, "मास्तर, तुम्ही माप घेता, ती रक्त घेते. मत कुणाला द्यायचं ते तुम्हीच सांगा!" घड्याळवाल्याच्या नावापुढचा ठिपका मास्तरांनी त्याच संध्याकाळी अर्धा खोडला.

पाच वाजता शहराध्यक्ष आले. खुर्चीत न बसता उभ्यानंच बोलू लागले, तेव्हाच मास्तरांनी ओळखलं.

"मास्तर, तुम्ही पक्षाचा कणा आहात."

"कणा पाठीत असतो. दिसत नाही, म्हणून?"

"असं नका बोलू. निम्मे मतदार पस्तिशीच्या आतले आहेत. आमच्याकडे आकडे आहेत."

"आकडे माझ्याकडेही आहेत," मास्तर वहीवर हात ठेवून म्हणाले.

अध्यक्षांनी वही चाळली. दोन-चार पानं उलटली. "यात सगळ्यात तरुण कोण आहे?"

मास्तरांनी वही ओढून घेऊन मिटली. हल्लीची पोरं शिवून घालत नाहीत, तयार कपडे घेतात. वहीतला शेवटचा नवा माणूस अडतीस वर्षांचा होता आणि तोही पँट ढिली करायला आला होता.

"अर्ज कधी भरणार तिचा?" मास्तरांनी विचारलं.

"भरला की सकाळी! तुम्ही सह्या तयार ठेवल्या होत्या ना, फार सोय झाली."

अध्यक्ष गेल्यावर मास्तर बराच वेळ आरशाकडे पाठ करून बसले. आपण खपून बीळ खणावं आणि त्यात आयता नागोबा येऊन बसावा, तशी गत. आणि नागोबा तरी परका असावा!

घरी गेल्यावर बायकोनं पाणी दिलं. मास्तर म्हणाले, "मी अपक्ष उभा राहतोय. उद्या तीनपर्यंत मुदत आहे."

"सह्या?"

"नव्या घ्याव्या लागतील. एका मतदारानं एकदाच सूचक व्हायचं, असा नियम आहे."

"म्हणजे माझी गेली."

"तुझी गेली. डॉक्टरांची गेली. चांगली चांगली दहाच्या दहा गेली."

"मी विचारलं होतं नाव कुठंय म्हणून."

"माझंच येणार होतं!"

"मग लिहायचं होतंत."

"असं लिहीत नाहीत," मास्तर म्हणाले. "पद्धत नाही तशी."

बुधवारी सकाळी सातला ते वही घेऊन निघाले. पूर्ण ठिपक्यांची पानं त्यांनी दुमडून ठेवली होती. पहिल्या पानावरचा माणूस गेल्या वर्षी वारला होता. दुसरा मुलीकडे राहायला गेला होता. तिसऱ्याकडे सून म्हणाली, "बाबा सही करतील, पण त्यांना आता कुणी ओळखू येत नाही." मास्तरांनी सही घेतली नाही. चौथ्यानं केली. पाचवा चहा पाजून म्हणाला, "सही घ्या, मत मागू नका." मास्तरांनी सही घेतली.

एका घरी तर ते दारात उभे असताना आतून पुतणी बाहेर आली. हातात डबा, बोटांत कापसाचा बोळा. घरातली म्हातारी कोपरापाशी दाबून धरत तिला सांगत होती, "ताई, तुझा हात हलका बघ. कळलंसुद्धा नाही." पुतणीनं मास्तरांकडे पाहिलं, हातातल्या अर्जाकडे पाहिलं, म्हणाली, "काका, काही खाल्लंत का?" आणि जिना उतरून गेली.

म्हातारीनं सही केली, ती डाव्या हातानं. उजवा कापूस धरून कोपरात मुडपलेला होता.

साडेबारापर्यंत नऊ सह्या झाल्या. नऊ सह्यांसाठी मास्तरांनी एकेचाळीस घरं केली होती. वहीतले ठिपके संपले होते. अर्धे ठिपकेही संपत आले होते. एक सही कमी आहे, जेवायला येत नाही, असं बायकोला फोनवर सांगून ते दुकानात बसले आणि उरलेली पानं पुन्हा पुन्हा उलटू लागले.

पाऊणच्या सुमाराला स्कूटर थांबली.

"काका, एक कमी पडतेय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"काकू."

"घरचा भेदी," मास्तर पुटपुटले. "मजा बघायला आलीस?"

"नाही. मी याच प्रभागातली मतदार आहे. मी स्वतःच्या अर्जावर उमेदवार म्हणून सही केलीय, सूचक म्हणून कुणाच्याच अर्जावर नाही. ऑफिसात विचारून आले. चालतं म्हणाले. करू का?"

मास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "तुझ्याविरुद्ध उभं राहायला तू सही देणार?"

"तुम्ही एकतीस वर्षं थांबलात काका. एका सहीसाठी अडू नये."

"अध्यक्ष काय म्हणतील?"

"ओरडतील."

"मी तुझी मतं खाईन."

आरशापाशी उभी राहून तिने हेल्मेटमध्ये दबलेले केस मोकळे केले. "खाल थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"खरं सांगू? राग नाही ना येणार?"

"सांग."

"सव्वाशे. फार तर दीडशे. ती मी आधीच वजा धरलीत."

मास्तरांच्या कानशिलापाशी काहीतरी तडतडलं. घाबरून सही द्यायला आली असती तर त्यांनी तिला जवळ बसवून पाणी पाजलं असतं. रडून 'काका, उभे राहू नका' म्हणाली असती तर कदाचित अर्ज तिच्यासमोर फाडलाही असता. पण ही हिशेब करून आली होती, आणि त्या हिशेबात काका सव्वाशेच्या रकान्यात होते. नको म्हणावं तर ही मोठी ठरणार. घ्यावी तरी हीच मोठी.

"कर," ते म्हणाले.

तिने सही केली. अक्षर अजून तसंच सुरेख होतं, चिठ्ठ्या लिहायची तेव्हासारखं. त्याचाही मास्तरांना राग आला.

महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर मास्तर पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. व्हरांड्यात रांग होती. पुढे चौदा जण, बहुतेक मास्तरांच्या निम्म्या वयाचे. कुणी फोनवर बोलत होतं, कुणी कागद लावत होतं. दाराशी पहारेकरी उभा होता. तीनला दार बंद होणार, तोवर आत पाऊल पडलेल्यांचेच अर्ज घेणार, असं तो दर पाच मिनिटांनी सांगत होता.

मास्तरांना पाहून तो पुढे आला. "तुम्ही लॅबवाल्या ताईंचे काका ना? या, पुढे या. आईचं रक्त घ्यायला येतात त्या आमच्याकडे. एकदा तुम्हाला त्यांच्यासोबत पाहिलंय."

"मी माझ्या नंबरानं येईन," मास्तर म्हणाले.

रांगेतल्या एकानं मागे वळून पाहिलं. "ताईंचे काका? जा हो काका, माझ्या पुढे व्हा. वडिलांच्या आजारपणात रोज यायच्या त्या."

"नको. रांग म्हणजे रांग."

"अहो, कुणाची हरकत नाही. आहे का रे कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. चौदाच्या चौदा जण भिंतीला टेकून बाजूला झाले. दारापर्यंत वाट मोकळी. मास्तर जिथे होते तिथेच उभे राहिले. अवघडल्यासारखं होऊन माणसं एकेक करून परत रांगेत आली.

आतला कारकून एकेक कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होता. अडीच वाजले तेव्हा पुढे नऊ जण होते. पावणेतीनला सहा. मास्तरांनी अर्ज उघडून पुन्हा एकदा सह्या पाहिल्या. वरच्या नऊ वेड्यावाकड्या, कुठे शाई फुटलेली. खालची एक सरळ रेषेत.

तीनला दोन मिनिटं कमी असताना पुढे तिघं होते. पहारेकरी हळूच म्हणाला, "काका, नुसतं पाऊल टाका आत. मी बघतो पुढचं."

"तुम्ही मला ओळखता?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे काय! ताईंचे काका."

"माझं दुकान कुठंय, माहीत आहे?"

पहारेकरी गोंधळला. "कसलं दुकान?"

मास्तरांनी अर्जाची घडी घातली. समोरचे दोघं आत सरकले. तिसऱ्यानं उंबऱ्यावर एक पाय ठेवला, वळून मास्तरांना हातानं खूण केली, 'या, चिकटून या.' मास्तरांनी मान हलवली. घड्याळात तीन वाजले आणि दार बंद झालं.

"काय हे काका," पहारेकरी कडी लावून म्हणाला. "किती वेळा सांगितलं तुम्हाला. ताईंचे म्हणून सांगत होतो."

"म्हणून तर थांबलो," मास्तर म्हणाले, आणि जिन्याकडे निघाले.