शेवटची बोअर आणि आकाशातली लाट

शेंदूरजनाघाटच्या आमच्या बागेतली शेवटची बोअर रहीमभाईंच्या नारळामुळे कोरडी निघाली, असं घरात आजही सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

त्या उन्हाळ्यात संत्र्याची झाडं उभ्याउभ्या वाळत होती. धाकट्या भावाच्या, वासुदेवच्या अंगात आणखी एकाच बोअरचा दम उरला होता. आणि मी, निवृत्त मास्तर, त्याच बागेत नातवंडांना आकाशातल्या लाटा शिकवत होतो!

"फार दूर दोन प्रचंड गोळे आदळले, की जागाच ताणते, आखडते. ती लाट पकडायला काटकोनात दोन लांबलचक नळ्या असतात. दोन्हींत एकदम उजेड सोडायचा. टोकाच्या आरशावरून तो परत येतो. लाट आली, की एक नळी कणभर लांबते, दुसरी आखडते. मग दोन उजेडांचा मेळ चुकतो."

"अन् आबा, बाजूनं ट्रक गेला तं?" नात चिनूनं विचारलं.

"म्हणून तसंच दुसरं यंत्र फार दूर ठेवतात. दोन्हीकडे सारखी खूण आली, तरच खरी!"

मी टेबलावर दोन आरसे मांडून टॉर्च लावला. समोर टांगलेल्या चादरीवरचे ठिपके थरथरले. पोरांनी टाळ्या पिटल्या. (टेबलाचा एक पाय आखूड होता. पण टाळ्या चालू होत्या ना!)

तेवढ्यात तळहातावर आडवा नारळ घेऊन पाणी शोधणारे रहीमभाई टेबलापाशी आले. नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी!

"दादा!" वासुदेव ओरडला. "यंत्र बी हाललं, नारळ बी उठला! दोन खुणा!"

"अरे, ते तसं नसतं..."

"तुमीच तं आत्ता पोराइले सांगून राहिले होते!"

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

टेबल हटवून तिथंच मशीन लागलं. दिवसभर धूळ उडाली. शेवटी मशीनवाला म्हणाला, "काका, खाली निरा फुफाटाच हाय, पाण्याचा थेंब नाई."

"काहून फसवलं आमाले?" वासुदेव रहीमभाईंवर धावला. मी चादरीची घडी घालत होतो. फार व्यवस्थित घातली.

बाग तोडली. रहीमभाईंना पुन्हा कुणी बोलावलं नाही. यंदा धीर करून त्यांच्याकडे गेलो, ठिपके टेबलाच्या आखूड पायामुळे हालले होते, हे कबूल केलं.

"गुरुजी, तुमचं यंत्र हाललेलं पाहून नारळ मीच अंगठ्यानं उठवला. म्हणलं, मास्तरचं यंत्र थोडीच झूट बोलते!"

उभी नोकरी मी पोरांच्या कॉप्या पकडल्या. ही एक डोळ्यांदेखत झाली, आणि नापास केलं ते वासुदेवला!