भानुदासचं पातळ पुस्तक

पहिला घाव भानुदासनं पुस्तकावर झेलला.
दुसरा डोक्यावर बसला.

आज तो दिवस. दर वर्षी गप्प राहतो. या वर्षी लिहितोय, कारण काल जालन्याला जाऊन आलो.

भानुदास माझा मित्र. गाव पिंपळगाव रेणुकाई. पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर.

बारावीच्या वर्षी बांधाच्या भांडणात शेजारच्या कचरूकाकांनी त्याच्या वडलांचा हात काठीनं मोडला. हाड कातडीबाहेर आलेलं मी पाहिलं. चौकीत लिहून घेतलं, किरकोळ दुखापत.

त्या दिवशी भानुदास म्हणाला, "सुदाम, आपण वकील व्हायचं. दोघं बी."

लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला एंट्रन्स असते, एवढंच आम्हाला कळलं होतं. फॉर्म भरले आणि पुस्तक घ्यायला एसटीनं जालन्याला गेलो.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक दुकान होतं. तिथल्या चाचांनी दोन पुस्तकं पुढं ठेवली.
एक विटेएवढं जाड गाइड. इंग्लिश, जनरल नॉलेज, रीझनिंग.
दुसरं पिवळ्या पुठ्ठ्याचं, पातळ, मराठीतलं. नुसती फौजदारी कलमं.

"बेटा, इम्तिहान को ये मोटा लगता," चाचा म्हणाले. "पतला वाला वकील हुए बाद लेना."

भानुदासनं माझ्याकडं पाहिलं. अभ्यासात मी पुढं होतो. माझा शब्द तो मानायचा.

मी म्हणालो, "वकिलीच्या परीक्षेत कायदाच इचारतील ना? इंग्लिश कशाला? मास्तर करून राह्यले का आपल्याला?"

चाचांनी पातळ पुस्तक बांधून दिलं.

मग दोन महिने देवीच्या पारावर अभ्यास. मी विचारायचो, तो सांगायचा.

"दात पाडला?"
"तीनशे पंचवीस. गंभीर दुखापत."
"कुऱ्हाडीनं हात तोडला?"
"तीनशे सव्वीस."
"जीव घेतला?"
"तीनशे दोन. अन् तू मारामारीचंच काय इचारून राह्यला? चोरीचं बी इचार की. उपाशी मरंल तुझा वकील."

वडलांच्या हाताला कोणतं कलम लागायला हवं होतं, ते त्यानं पहिल्याच दिवशी शोधलं होतं. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा हॉल तिकीट आलं. सोबत नमुन्याचे प्रश्न. इंग्लिशचा उतारा. देशांच्या राजधान्या. आकड्यांची कोडी.

कलम एकही नाही.

मला मान वर करता येईना. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. चाचा बराबर होते. उद्या बदलून आणू. आठ दिवस लई झाले आपल्याला."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक त्याच्या हातात होतं. बदलायला चाललं होतं.

जाता जाता वावरात वडलांची भाकरी द्यायची होती. ते विहिरीकडं होते. बांधावर कचरूकाका कुऱ्हाडीनं बाभळ तोडत होते आणि त्यांचा मुलगा फावड्यानं बांध कोरत होता.

मी मागं थांबलो. भानुदास त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. पान काढलं आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. कलम चारशे सत्तेचाळीस. दुसऱ्याच्या जमिनीत घुसणं. शिक्षा.

"काका, ऐकून घ्या. मंग ठरवा."

"हे कोर्टात वाच," कचरूकाका म्हणाले. "हे वावर हाय."

"वावरातच लागतंय हे कलम."

काकांचा मुलगा फिसकन हसला. बापाला ते हसणं सोसलं नाही, असं मला आजही वाटतं.

कुऱ्हाड वर गेली. भानुदासनं दोन्ही हातांनी पुस्तक डोक्यावर धरलं. पातं पुठ्ठा आणि पानं कापत त्याच्या बोटांत शिरलं. दोन बोटं ढेकळांत पडली.

त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं.

देवळात नारळ फुटतो तसा आवाज आला.

तेव्हापासून मी देवीला नारळ फोडत नाही. फुलं वाहतो.

तो खाली पडल्यावरही काका थांबले नाहीत. किती घाव घातले ते मी पाहिलं नाही. मी दहा पावलांवर होतो, आणि मी पळालो.

लोकांना घेऊन परत आलो तेव्हा त्याचे वडील त्याला एका हातानं उचलायला बघत होते. दुसरा हात वर उठतच नव्हता.

कोर्टात साक्ष मी दिली. पुस्तक टेबलावर होतं, लाखेचं सील लावलेलं. पिवळा पुठ्ठा काळा पडला होता.

काकांच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही पुढे का गेला नाहीत?"
म्हणालो, "भ्यालो."

जन्मठेप झाली. तीनशे दोन.

पण पुस्तक कुणी निवडलं होतं, हे तिथं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याचे वडील जाईपर्यंत त्यांनाही नाही.

परीक्षेला मी गेलो नाही.

तीस वर्षं झाली, एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. गाइड विटेएवढं जाड होतं.

काल मुलीला घेऊन जालन्याला गेल्तो. तिला लॉची एंट्रन्स द्यायचीय. दुकानात तिनं चार पुस्तकं पुढं ओढली आणि म्हणाली, "बाबा, कोणतं घेऊ?"

मी एक पाऊल मागं सरकलो.

तिनं मोबाइलवर मागच्या वर्षीचे प्रश्न काढले, एकेक पुस्तक त्याच्याशी ताडून पाहिलं आणि एक घेतलं. पाच मिनिटांचं काम.

परतीच्या एसटीत मी तिला सगळं सांगितलं. कलमंसुद्धा. अजून पाठ आहेत.

ती हळूच म्हणाली, "बाबा, कायदा बदलला ना. खुनाचं कलम आता एकशे तीन आहे."

भानुदास, तू पाठ केलेलं आता कुठंच चालत नाही.

ते पुस्तक तू माझ्या शब्दावर घेतलंस. चूक माझी होती. हे आज सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

सकाळी देवीला तुझ्या नावानं फुलं वाहिली.

नमस्कार, मित्रा.