दारावरचा माणूस

उभ्या वर्धा जिल्ह्यात आमच्या साडभाऊंनी ज्याला लॉगिन सर्व्हर समजावून सांगितला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि ज्याला तो समजला असाही सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. राहायला सिंदी मेघेला, नोकरी वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथे एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेले वीस पडदे. पुढे इंटरनेट आलं आणि त्याच मशीनमध्ये लोक पुण्या-मुंबईहूनही शिरू लागले. ते कसे शिरतात हे जगाला सांगण्यासाठीच आपला जन्म आहे अशी भाऊजींची तेव्हापासून समजूत झाली. साखरपुडा असो, न्हाव्याची खुर्ची असो, सेलूला एकदा तेराव्याच्या पंगतीतसुद्धा त्यांनी पत्रावळीवरची बुंदी मांडून मला तो सर्व्हर दाखवला होता. "पाहा साडभाऊ, मशीनच्या दारावर एक प्रोग्राम बसून राह्यते. तो काम काही करत नाई, फक्त कान देऊन ऐकते. कोनी कडी वाजवली का आपल्यासारखाच दुसरा गडी पैदा करते, पाहुना त्याच्या हवाली करते, अन् आपन पुन्हा दारावर! तो दुसरा गडी नाव इचारते, पासवर्ड इचारते, मंग आत बसवते. समजलं?" मी घाईघाईनं समजलं म्हणायचो. "काय समजलं, सांगा बरं," असा पुढचा प्रश्न आला की माझी पंचाईत व्हायची. मी हायस्कुलात भूगोल शिकवणारा माणूस.

मशीनसोबत राहून राहून भाऊजींना मशीनच्या सवयी लागल्या होत्या. दुरून लॉगिन केलं की तुम्ही दाबलेलं अक्षर आधी मशीनपर्यंत जातं आणि तिथून परत आल्यावर मग तुमच्या पडद्यावर उमटतं. "उमटलं म्हंजे पोचलं," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे तेही समोरच्याचं वाक्य आधी परत करीत. "भाऊजी, चहा नको," असं मी म्हणालो की "चहा नको," असं स्वच्छ आवाजात म्हणत आणि मग आत वळून चहा सांगत. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काही गुपित सांगितलं तर मात्र नुसती मान हलवीत, कारण पासवर्ड पडद्यावर उमटत नसतो. पाहुणा फार वेळ गप्प बसला की त्याला बाहेर काढायचा हा मशीनचा नियम, म्हणून भाऊजीही वीस मिनिटांनी "चला, मंग?" म्हणत चप्पल पुढे सरकवीत. निकाल लागला की पास झालेल्या पोरांची खाती ते त्याच दिवशी पुसून टाकीत, आणि त्यात प्राचार्यांचा पुतण्याही सुटत नसे.

सगळ्यात कडक नियम होता निरोपाचा. आपल्याकडे जातो म्हणू नये, येतो म्हणावं. ही रीत सगळेच पाळतात, पण भाऊजींच्या लेखी तिला शास्त्राचा आधार होता. न सांगता उठून गेलेल्या माणसाचं नाव मशीनच्या यादीत लटकत राहतं. मी एकदा तसाच सटकलो, तर गृहस्थ सायकल हाणत बसस्टँडवर आले. "येतो म्हना," म्हणाले. मी येतो म्हणालो, त्यांनी "येतो" म्हटलं, आणि ते परत गेले. बस तोपर्यंत सुटली होती. त्यांच्या घरातून येतो न म्हणता कायमचं गेलेलं माणूस एकच, त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न स्वतःच्या मनानं करायचं म्हणाली, मोठा वाद झाला आणि ती पुण्याला निघून गेली. तिच्यामागे मात्र सायकल गेली नाही. त्याला दोन वर्षं झाली होती, आणि घरात तिचं नाव कोणी काढत नसे.

अशात आर्वीपलीकडच्या तळेगावला सासरच्या नात्यातलं लग्न निघालं. वार रविवार. अक्षता पडल्या न पडल्या तोच भाऊजींनी मला ओढत समोरच्या सायबर कॅफेत नेलं. मशीनवर त्यांनी त्याच आठवड्यात नवा सर्व्हर बसवला होता. "जुन्यात पासवर्ड पोस्टकार्डावानी उघडा जाये, आता बंद पाकिटात जाते." एक छोटी दुरुस्ती राहिली होती, ती त्यांना माझ्यादेखत करायची होती. "आता दारावरच्याले उठवतो. उठवला. पन पाहा, मी आत बसलो हावो ना, मले धक्का नाई. समजलं?" इथे नवा माणूस दारावर बसवायचा आणि मग मला विचारायचं, पण शिक्षकाचा पिंड त्यांचा, माझा नव्हे. मी काय समजलो ते सांगू लागलो आणि तेवढ्यात भारनियमनानं तळेगावची वीज गेली. पडदा काळा झाला. वर्ध्याच्या मशीनचं दार आतून बंद, आणि ते उघडू शकणारा एकमेव माणूस फेटा बांधून तळेगावात बसलेला!

मला हसू आवरेना. भाऊजींचा चेहरा मात्र उतरला होता. "चारच्या आत वर्ध्याले पोचलं पाह्यजे," म्हणाले आणि पंगत सोडून एसटीकडे धावले. मी मागोमाग. "अहो, रविवारी कॉलेज बंद, कोन येते तिथं?" मी विचारलं. त्यांनी माझं वाक्य परत केलं नाही. तेव्हा मी जरा घाबरलो.

आर्वी सुटल्यावर ते खिडकीबाहेर पाहत बोलले. "पोरगी येते. दर रविवारी चारले. कॉलेजात होती तवाचं तिचं खातं मी पुसलंच नाई. लॉगिन करते, पाव तास बसते. मी यादीत नाव पाह्यतो."

"मंग तुमी तिच्याशी बोलत काऊन नाई?"

"ते बी बोलत नाई. मले वाटते, दार उघडं हाये का नाई तेवढंच पाह्यते."

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकीदारानं कुलूप काढलं. भाऊजींनी फेट्यासकट खुर्चीत बसून दारावर माणूस बसवला. दोन मिनिटं गेली असतील, यादीत तिचं नाव आलं. आणि मग पडद्यावर, दोन वर्षांत पहिल्यांदा, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली: बाबा, मशीन बंद होतं का? तुमची तब्येत बरी आहे ना?

"तब्येत बरी आहे ना," भाऊजींनी मोठ्यानं म्हटलं. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: कडी माझ्याच हातानं लागली. चुकलो. आता काढली.

मी मशीनकडे पाहत होतो, कारण भाऊजींकडे पाहवत नव्हतं. मग दोनच शब्द आले: येते बाबा. आणि यादीतलं नाव रीतसर निघून गेलं.

दिवाळीला ती आली, जावयासह. जावयानं पहिल्याच संध्याकाळी सर्व्हर समजून घेतला, पुन्हा पुन्हा. ते मशीन पुढे भंगारात गेलं, भाऊजी निवृत्त झाले. आता ऐकायला थोडं कमी येतं, तरी फाटकापर्यंत येतात आणि कडीवर हात ठेवून उभे राहतात. मी येतो म्हणतो. तो शब्द त्यांच्याकडून परत आला नाही, तर मी जवळ जाऊन पुन्हा म्हणतो.