दोन ताटांची देणगी

आमच्या मॅकॉली फेरी गावात बर्नडीन क्रुपाला कोणी हौसेनं जेवायला बोलावत नसे. बाई वाईट नव्हती. नाकासमोर चालणारी, उधारउसनवारी न करणारी, रविवारची प्रार्थना न चुकवणारी. पण वर्षातून चार वेळा ती गावातल्या माणसांची नावं छापायची, आणि छापलेलं नाव लहान गावात लवकर पुसलं जात नाही.

काम असं होतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून जाऊ पाहणाऱ्या उमेदवारांना दर तीन महिन्यांनी हिशेब सादर करावा लागतो. पैसे कोणी दिले आणि ते कुठे गेले. कोणाचे पैसे मिळून दोनशे डॉलरच्या वर गेले की त्याचं नाव, पत्ता, धंदा, नोकरी कुठे, सगळं त्या हिशेबात येतं. हे कागद जगाला बघायला मोकळे असतात आणि म्हणूनच बहुधा कोणी बघत नाही. बर्नडीन बघायची. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या आमच्या ‘रेकॉर्ड’ वर्तमानपत्रात तेवढी एकच बातमीदार उरली होती. ती शेकडो पानं छापून घ्यायची, खिडकीपाशी बसायची आणि ओळीखाली लाकडी पट्टी सरकवत एकेक नाव वाचायची. संगणकाला नाव विचारलं की तो सांगतो, पण जे विचारायचं आपल्याला सुचलंच नाही ते तो सांगत नाही, असं तिचं म्हणणं.

त्यात तथ्य होतं. एका उमेदवाराच्या खर्चात त्याच्या मेव्हण्याच्या छापखान्याचं नाव अकरा वेळा आलं होतं, ते तिनंच धरलं. एका वकिलाच्या तीन वर्षांच्या नातवानं दोन हजार डॉलर दिले होते आणि धंद्याच्या रकान्यात ‘विद्यार्थी’ लिहिलं होतं, तेही तिनंच. गाव तेव्हा पोट धरून हसलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, दुसरं काय.

नियम एकच होता. आपल्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, ज्या कोणाचे दोनशेच्या वर जातील त्याचं नाव यादीत येणार. पाद्र्याच्या बहिणीचं आलं, डॉक्टरचं आलं. वर्तमानपत्राचा मालक गॉर्डन हेग, त्याचं स्वतःचं दोनदा आलं आणि दोन्ही वेळा त्यानं ते गिळलं.

सहा वर्षांपूर्वी त्या यादीत तिच्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव आलं.

बहीण लोरेटा पाच वर्षांनी मोठी. नवरा कॅझ व्होल्स्की, पुलाच्या अलीकडच्या चौकात केस कापायचं दुकान, दोन खुर्च्या आणि सदा चालू असलेला रेडिओ. बर्नडीननं लग्न केलं नव्हतं. चर्चमधून निघून रविवारी लोरेटाकडे जेवायचं, हे तिचं घरपण. यादी छापायच्या आदल्या दिवशी कॅझ कचेरीत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

“बर्नी, यादीत माझं नाव आहे म्हणे.”

“आहे. ब्रॅडफोर्ड लायलला अडीचशे.”

“अगं, मी देणगी कुठे दिली? जेवणाची दोन तिकिटं घेतली. सव्वाशेला एक ताट. लोरीला घेऊन गेलो, चामड्यासारखं मांस चावलं आणि घरी आलो.”

“ते जेवण त्याच्या प्रचारासाठी होतं, कॅझ. ताटाचे पैसे देणगीतच धरतात.”

“मला काय ठाऊक? त्या पोराच्या डोक्याला पहिली कात्री मी लावली. त्याची आई दुकानात येऊन तिकिटं पुढे करते. नाही कसं म्हणू?”

“म्हणायला हवं होतंस.”

“तू माझ्या जागी असतीस तर म्हणाली असतीस, ते माहीत आहे मला.” तो जरासा हसला. “एवढं एक गाळ ना. तुला ठाऊक आहे दुकानात कोण कोण येतं.”

ते तिला ठाऊक होतं. ब्रॅडफोर्डच्या बापाचा काचेचा कारखाना होता. त्यानं तो बंद केला तेव्हा चारशे माणसांचं निवृत्तिवेतन निम्म्यावर आलं. ती चारशे माणसं आणि त्यांची मुलं कॅझच्या त्या दोन खुर्च्यांवर बसत होती. पोरानं निवडणुकीला उभं राहावं हेच त्यांना सोसत नव्हतं.

“आज तुझं गाळलं, तर उद्या कोणाचं छापू?” बर्नडीन म्हणाली.

कॅझनं टोपी घातली. “खरं आहे,” एवढंच बोलून गेला. आणि दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं: व्होल्स्की, कॅसिमिर, केशकर्तन, स्वतःचा धंदा, अडीचशे डॉलर.

कोणी काच फोडली नाही, कोणी शिवी दिली नाही. माणसं पुलापलीकडे जाऊन केस कापून घेऊ लागली, बस. सव्वा वर्षात दुकान बंद पडलं. लायलच्या खऱ्या पाठीराख्यांना, हजारांनी देणाऱ्यांना, काडीचाही त्रास झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. नाव छापल्यानंतर चार वर्षांनी कॅझचं हृदय थांबलं. दफनाच्या दिवशी बर्नडीन फुलं घेऊन गेली तेव्हा लोरेटा तिच्याकडे न बघता म्हणाली, “तुझा नियम घेऊन घरी जा.”

बर्नडीन गेली. त्यानंतर दर ख्रिसमसला ती बहिणीला पत्र टाकायची. ‘झालं त्याचं वाईट वाटतं’ असं लिहायची. ‘माझी चूक झाली’ असं मात्र एकदाही लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर नियम चुकीचा ठरला असता, आणि नियम सोडला तर तिच्यापाशी काय उरत होतं? पत्राला उत्तर कधी आलं नाही. रविवारी ती चर्चच्या तळघरातल्या विक्रीतून सहा पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घ्यायची आणि गाडीतच बसून खायची. हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. कोणी काही बोललं नाही, आम्हीही नाही, आणि त्याची आज लाज वाटते.

यंदाच्या ऑक्टोबरात नवा हिशेब आला. लायल पुन्हा उभा होता. बर्नडीन पट्टी सरकवत शेवटच्या अक्षरांपर्यंत आली आणि थांबली. व्होल्स्की, लोरेटा. सतरा डॉलर. खालची ओळ, व्होल्स्की, लोरेटा, सतरा डॉलर. त्याखालीही तेच. पानभर तेच नाव होतं, पुढच्या पानावरही होतं.

पहिल्यांदा तिला राग आला. हे मुद्दाम आहे, मला डिवचायला आहे, असं तिनं धरलं. नवऱ्याचं नाव छापलंस ना, आता माझंही छाप, शंभर वेळा छाप. बहिणीचा स्वभाव तिखट होता, तिनं असं केलं असतं. मग बर्नडीनची नजर शेवटच्या रकान्यांवर गेली. धंदा: केस कापणे. नोकरी कुठे: कॅझचं दुकान.

लोरेटानं जन्मात कोणाचे केस कापले नव्हते. आणि दुकानाच्या जागी आता मोबाइलची दुरुस्ती चालते.

बर्नडीननं दुसऱ्या उमेदवाराचा, आयरीन टॅगर्टचा, हिशेब ओढून घेतला. तिथेही लोरेटा होती. त्याच तारखा, तेच सतरा डॉलर. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन छावण्यांना एकाच दिवशी पैसे देणारं माणूस बावीस वर्षांत तिनं फक्त धंदेवाल्यांत पाहिलं होतं. तिनं बेरीज केली. दोन्हीकडचे मिळून चार हजारांच्या वर. लोरेटाला महिन्याला तेराशे मिळत. बर्नडीनचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिनं गाडीची किल्ली उचलली.

ती लगेच निघाली. गाडीत तिनं वाक्य तयार केलं, ‘लोरी, आधी आत घे, मग हवं ते बोल.’ त्याची गरज पडली नाही. दार उघडंच होतं.

“बर्नी! ये ना, बाहेर काय उभी राहतेस?”

लोरेटा वाळली होती. स्वेटरची बटणं एक घर सोडून लागली होती. टेबलावर न फोडलेली पाकिटं पसरली होती, त्यांत बर्नडीनची दोन ख्रिसमसची पत्रंही होती. शेगडीवर नुसतं पाणी उकळत होतं. बर्नडीननं शेगडी बंद केली.

“जेवून जा. कॅझ येईलच इतक्यात.”

टेबलावरचा फोन थरथरला तशी लोरेटानं लगबगीनं तो उचलला.

“बघ, आला निरोप. ‘लोरेटा, तू आहेस ना?’ असं विचारतो ब्रॅडफोर्ड. हे बटण दाबलं की त्याला कळतं मी आहे म्हणून.”

“आणि ती टॅगर्ट?”

“तीही विचारते. बिचारी रोज विचारते. नावानं विचारते हं, असंच कोणालाही पाठवल्यासारखं नाही.” लोरेटानं फोन पदरी मूल घ्यावं तसा छातीशी धरला. “नाहीतर मला विचारतंय कोण?”

बटणावर ‘सतरा डॉलर’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली एक बारीकशी चौकट आधीच खूण करून ठेवलेली होती: ही रक्कम दर आठवड्याला घ्या. बर्नडीननं चष्मा वर करून ती वाचली. लबाडी होती, पण कायद्यात बसणारी, आणि हिशेबात अगदी चोख लिहिलेली.

“बर्नी,” लोरेटा मध्येच म्हणाली, “तू इतके दिवस आली का नाहीस गं?”

“नाही आले.”

“मी काही बोलले का तुला?”

बर्नडीननं टेबलावरची पाकिटं गोळा करायला घेतली.

“बोलले असेन. माझी जीभ आईवर गेली आहे. मनात ठेवू नकोस, चुकलं माझं.” असं म्हणून लोरेटानं तिचा हात थोपटला.

सहा वर्षं जे शब्द बर्नडीनला लिहिता आले नाहीत ते लोरेटानं किती सहज उच्चारले, आणि तेही जिनं ते ऐकायचे होते तिनं. बर्नडीन फोनमधल्या चौकटींतल्या खुणा एकेक करून पुसत बसली. डोळे भरत होते, अक्षरं दिसत नव्हती, तरी ती पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही प्रचार कचेऱ्यांना पैसे परत मागणारी पत्रं धाडली, डॉक्टरची वेळ घेतली आणि यादी करायला बसली. बेचाळीस नावं होती. शेवटून दुसऱ्या नावावर तिनं बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली, आणि मग ते खोडलं.

गॉर्डननं मजकूर वाचला. “काल बेचाळीस म्हणालीस. इथे एक्केचाळीस आहेत.”

“एक गाळलं.”

“तू?”

“बहिणीचं आहे. तिला कळत नाही ती काय करते आहे ते.”

गॉर्डननं मजकूर खाली ठेवला. स्वतःच्या दोन वेळा त्याला आठवल्या असतील, पण तो भला माणूस. “बरं केलंस,” म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला.

अंक निघाला. आभाळ कोसळलं नाही. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी नेहमीसारखी यादी वाचली, एकमेकांना चिमटे काढले आणि अंक घडी करून ठेवला. बर्नडीननं मात्र दिवसभर कशालाही हात लावला नाही. एक ओळ खोडायला तिला क्षणभर लागला होता. कॅझ टोपी हातात घेऊन उभा होता तेव्हाही तेवढाच लागला असता. त्यालाही कळलं नव्हतं तो काय करतो आहे ते, तो दोन ताटं विकत घेत होता.

रविवारी ती कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस आणि पाव घेऊन लोरेटाकडे गेली. ताटं मांडली. लोरेटानं सवयीनं तिसरं मांडलं, ते तिनं राहू दिलं. मग समोर बसून, दोन्ही हात टेबलावर ठेवून, तिनं ते एकदाचं बोलून टाकलं.

“लोरी, माझी चूक झाली. मी कॅझचं नाव पेपरात छापलं. तो नको म्हणाला होता, तरी छापलं. छापायला नको होतं.”

लोरेटा ऐकत होती. काटा तिनं खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. शिवी आली असती तरी बर्नडीननं ती पदरात घेतली असती.

“कॅझचं नाव पेपरात आलं?” लोरेटा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “आणि मला दाखवलंसुद्धा नाहीस? मी कात्रण जपून ठेवलं असतं.”

“हो,” बर्नडीन म्हणाली.

“पुढच्या रविवारी आण.”

“आणते.”

“त्याला सांगू नकोस हं मी मागितलं म्हणून. लाजतो तो.” लोरेटानं तिच्या ताटात कोबीची आणखी एक गुंडाळी वाढली आणि बर्नडीन जेवू लागली.