वहिनीची मंजुरी

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसून, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालून, आत घामाघूम झालेल्या लोकांशी निवांत गप्पा मारतो. हिशोबाच्या नावाने मात्र बोंब. त्यामुळे त्याची कंपनी निघाली तेव्हा हिशोबाचं लोढणं माझ्या गळ्यात आलं.

कंपनीचं वेगळं बँक खातं काढ, म्हणून मी पहिल्यापासून त्याच्या मागे लागले होते. कायद्याच्या लेखी कंपनी म्हणजे वेगळा माणूस, तिचे पैसे घरखर्चात मिसळू नकोस, हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. घरात आम्ही दोघंच, हा तिसरा कुठून आणू, म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. सगळा व्यवहार त्याच्या आणि वहिनीच्या जॉइंट खात्यातून. त्याने पैसे पाठवले की वहिनीच्या फोनवर विचारणा यायची. तिने मंजुरी दिली तरच पैसे हलायचे.

गेल्या वर्षी वहिनी वारली. दादाने बँकेला कळवलंच नाही. खातं बंद पडलं तर काम कसं चालवू, म्हणाला. तिचा फोन रोज चार्ज करायचा आणि मंजुरी स्वतःच द्यायचा. माझं डोकंच फिरलं. उद्या कुणी पकडलं तर कंपनी बुडेल, त्याच्या हाताखालचे दोन्ही मेकॅनिक रस्त्यावर येतील! मी सरळ फोन काढून घेतला, बंद केला आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवला. आता झक मारत बँकेत जाईल, असं वाटलं.

काही दिवसांनी वायरच्या दुकानदाराने पैसे पोचल्याचं कळवलं. मी खातं तपासलं, तर पैसे तिथूनच गेलेले. कपाट उघडलं. फोन बंदच होता. चालू करून पाहिला, तर मंजुरी त्याच फोनवरून दिलेली. दादाला विचारलं, तर म्हणाला, वायर घेतोय हे मी तिला बोललो होतो.

मग मात्र मी त्याला ओढतच बँकेत नेलं आणि कंपनीचं खातं काढलं. आता कंपनीचे पैसे तिकडे वळवायचे आणि वहिनीच्या मृत्यूचा दाखला बँकेत द्यायचा, एवढंच उरलं होतं. दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. टेबलावर दाखला, शेजारी तिचा फोन. दादाने रक्कम पाठवली. आम्ही दोघांनीही फोनला हात लावला नाही.

फोन उजळला. नामंजूर.

दादाने पुन्हा पाठवली. पुन्हा नामंजूर.

मी दाखला त्याच्यापुढे सरकवला. हा दिलास की तिची मंजुरी लागणारच नाही, म्हटलं. दादाचे डोळे भरून आले होते, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जीव दिसत होता.

"ती नाही म्हणतेय गं," तो म्हणाला. "आता ती गेली म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

दाखल्याची घडी घालून मी तो माझ्या पर्समध्ये ठेवला.