अकरा घरांचं एक डोकं

थोरले काका,

तुमचं गाठोडं अजून माझ्याकडेच आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच आशा धरणार नाही. तुमची हकिकत तुम्हालाच सांगायला बसले तर जीभ अडते. तुमच्या तोंडावर मी कायम थापाच मारल्या. म्हणून लोकांना सांगावी तशी सांगते.

ताक इन्बो हा तुमेन नदीच्या उत्तरेचा, चीनच्या हद्दीतला कोरियन शेतकरी. बापाच्या पिढीत अकरा घरं दुष्काळाला कंटाळून नदी ओलांडून आली. माळ फोडला, राळा आणि सोयाबीन पिकवलं. जमीन हाताखाली आली तसा चीनच्या मांचू बादशाहीचा अंमलदारही आला. म्हणाला, जमीन आमच्या प्रजेलाच मिळेल. कपाळ भादरा, मागे वेणी सोडा, आमचे कपडे घाला, नाहीतर आलात तसे चालते व्हा.

केस आईबापांनी दिलेले. त्यांना वस्तरा लावणं म्हणजे आईबापांनाच लावणं. गावानं तोड काढली. एकानं भादरायचं आणि सगळी जमीन त्याच्या नावावर करायची. काड्या ओढल्या. आखूड काडी इन्बोच्या हाती आली.

गावातला वडीलधारा, हो आडनावाचा म्हातारा, म्हणाला, "अरे, केसच ते. येतील परत."

"मग तुमचेच द्या की, आजोबा."

"माझे उरलेत किती? अंमलदार म्हणेल, फसवलं!"

सगळे हसले, आई सोडून. तिनं खाली पडलेले केस वेचले, फडक्यात बांधले आणि मुलाच्या हातात दिले. पुढच्याच महिन्यात ती नदीपलीकडे होर्योंगजवळ भावाकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या डोक्याकडे बघून घास उतरत नाही माझा. पण मी मेले की मात्र ये. थोरला आहेस."

पुढे चीनमध्ये बादशाही गेली आणि नव्या सरकारनं वेणीही कापायला लावली. इन्बोनं तीही त्याच फडक्यात ठेवली. तोवर कोरिया जपाननं गिळला होता. जपानचं म्हणणं, कोरियन माणूस कुठंही जावो, तो आमचाच. त्याला सुटका नाही. चीनच्या दफ्तरात तो च्वो रन्फू, चिनी प्रजा. जपानी वकिलातीच्या वहीत ताक इन्बो, जपानी प्रजा. दोन्हीकडचे कारकून यायचे, "तू आमचाच ना?" असं विचारायचे. इन्बो दोघांनाही "हो" म्हणायचा आणि दोघांनाही मुळ्याचं लोणचं वाढायचा. मग चिनी कचेरीचा हुकूम निघाला. ज्यानं एकदा जपानी कागदावर अंगठा उठवला, त्याची जमीन जप्त.

त्याच हिवाळ्यात होर्योंगहून निरोप आला. आई गेली, पाचव्या दिवशी माती.

धाकटा भाऊ इन्सोक जपानी दाखल्यावर त्याच दिवशी निघाला. इन्बोला ते चालणार नव्हतं; दाखल्याला अंगठा लागे, आणि अंगठा उठला की गावाची जमीन गेली. तो दोन दिवस अंगणात येरझारा घालत राहिला. जेवायला बसायचा, उठायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. बायको म्हणाली, "बसा तरी, नाहीतर जा तरी!" तिसऱ्या दिवशी त्यानं चिनी कचेरीतून सोयाबीनच्या व्यापाऱ्याचा परवाना आणला, चिनी अंगरखा चढवला आणि गोठलेली नदी ओलांडली.

पलीकडच्या काठावर दारूचा गुत्ता होता. परवाने तिथंच तपासायचे. हवालदाराचं नाव पी, स्वतः कोरियनच, पण जपान्यांच्या चाकरीत. त्यानं कागद उलटसुलट पाहिला. इन्बो मोडकं चिनी बोलला, पीला त्याहून मोडकं येत होतं. शिक्का उठणार, एवढ्यात शेगडीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं गारठलेल्या परक्याला वाटी पुढं केली. "घे रे बाबा, चिनी असलास तरी थंडी तीच."

इन्बोनं वाटी दोन्ही हातांनी घेतली. तोंड बाजूला वळवलं, वाटीवर हात आडवा धरला आणि प्याला. वडीलधाऱ्यांसमोर असंच प्यायचं, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. चिनी व्यापाऱ्याला ते कोण शिकवणार?

पीनं शिक्का खाली ठेवला. "वा! कोणाचा मुलगा रे तू?"

इन्बोनं वाटी खाली ठेवली.

"तीन मैलांवर ताकांच्या म्हातारीची माती व्हायचीय. थोरला चीनमध्ये असतो म्हणे." पीनं कागद पुढं सरकवला. "मी जपानची प्रजा, एवढंच लिहिलंय. अंगठा लाव आणि जा, आईला रड. मी काय राक्षस आहे?"

इन्बो उठला. दारापर्यंत गेला, परत आला. अंगठ्याकडे पाहिलं. अकरा घरं, अठ्ठावीस पोरं, सगळ्यांची नांगरट त्याच्या एका नावावर.

"ती बाई माझी कोणी नाही," तो म्हणाला. चिनीतून म्हणाला.

दोन दिवस त्याला तिथंच डांबून ठेवलं. पी जेवणाबरोबर कागद घेऊन यायचा. जेवण संपायचं, कागद तसाच राहायचा. पाचवा दिवस उलटल्यावर त्याला बर्फावरून परत हाकललं.

जमीन वाचली. गाव मात्र आईच्या मातीला न गेलेला म्हणून त्याच्याकडे पाहायचं, अगदी काड्या ओढणारेसुद्धा. इन्सोक वर्षभर बोलला नाही. म्हणून केसांचं ते गाठोडं भावाला देता येईना, तर त्यानं भावाच्या मुलीला दिलं. ती शिकायला होर्योंगला निघाली होती.

"आजीच्या पायाशी पुर. तिचेच आहेत, तिला परत दे. एवढं करशील?"

"करीन की, काका. त्यात काय!"

थडगं शाळेपासून तासाभराच्या वाटेवर होतं. पहिल्या वर्षी परीक्षा. दुसऱ्या वर्षी मैत्रिणींसमोर केसांचं गाठोडं घेऊन टेकडी चढायची लाज. मग सोलचं कॉलेज. सुट्टीत तो विचारायचा, "पुरलंस ना?" आणि मी म्हणायचे, "हो, छान जागा आहे." तो मान हलवायचा आणि मुळ्याचं लोणचं पुढं करायचा. मग लढाई, मग नदीवर काटेरी तारा. लढाईत घरी परतलेली मी नदीच्या उत्तरेलाच राहिले, तुमच्या काठावर.

गेल्या मंगळवारी मी नदीपलीकडे होर्योंगला जायचं म्हणून पासपोर्टाच्या कचेरीत गेले. फॉर्मवर रकाना होता, जाण्याचं कारण. खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, नातेवाईक लिहा. कोण आहे तिकडे?" मागं रांग खोळंबलेली. मी पेन उचललं, ठेवलं, फॉर्म घडी करून घरी आणला. तो तुमच्या गाठोड्याखाली आहे, कोराच.